दोन्ही दारं पूर्वेला

लोक समुद्र बघायला आमच्या दाभोळला येतात. मी जहाज बघायला गोंदियाला गेलो. गावात ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग हळूच विचारलं, की गोंदियाला समुद्र कधी आला? मी म्हणालो, समुद्र अजून आलेला नाही, जहाज आलं आहे. समुद्राचं मागाहून बघू.

हेमराजभाऊ माझे व्याही. गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात त्यांची धानाची शेती आहे आणि धान भरडायची छोटी गिरणी आहे. गिरणीला तिकडे हलर म्हणतात. माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली. मुलगी-जावई पुण्याला असतात, दोघांनाही पाण्याचं वावडं, त्यामुळे त्यांचा उल्लेख इथे संपला.

या जहाजाचं मूळ मात्र आमच्याच अंगणात आहे. लग्नानंतर व्याही-विहीण पहिल्यांदा दाभोळला आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्यांना होडीतून खाडीत फिरवलं. त्या दिवशी पाण्यावर इतकीदेखील सुरकुती नव्हती. पण प्रमिलाताई, म्हणजे आमच्या विहीणबाई, डावीकडे बसल्या तशी होडी डावीकडे कलली. घाबरून उजवीकडे सरकल्या तशी ती उजवीकडे कलली. आणि पुढे तासभर त्या आणि होडी एकमेकींना घाबरवत राहिल्या. किनाऱ्यावर उतरून त्यांनी पदर पिळला. त्यातून एक कोळंबी पडली असं मी सगळ्यांना सांगतो. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एका डोंग्यात मी जन्मात बसनार नाई आता. दोन बांधले तं पाहू."

डोंगा म्हणजे त्यांच्याकडची झाडाच्या खोडाची अरुंद नाव. तलावावर ओझं न्यायचं असलं की मासे धरणारे लोक दोन डोंगे शेजारी शेजारी बांधतात, वर फळ्या टाकतात, आणि मग त्यावर म्हैस नाचली तरी ते उलटत नाहीत. प्रमिलाताईंनी हे लहानपणापासून पाहिलेलं. त्या बोलून मोकळ्या झाल्या. हेमराजभाऊ मात्र त्या 'पाहू'मध्ये अडकले. बायकोच्या तोंडून निघालेल्या एका 'पाहू'वर माणसाने राहण्या-झोपण्याची, चूल-मोरीची सोय असलेलं पंचवीस फुटी शिडाचं जहाज स्वतःच्या हाताने बांधल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पुढे मागे कोकणात आणून दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, बंदर लागेल तिथे मुक्काम करायचा, असा बेत. बेतातली अर्धी माणसं, म्हणजे प्रमिलाताई, अजून हो म्हणालेल्या नव्हत्या.

जहाज निवडताना हेमराजभाऊ मला रोज फोन करत. समुद्राकाठी राहणाऱ्याला जहाजातलं सगळं कळतं असा पूर्व विदर्भात समज आहे, आणि तो मोडून काढणं हे व्याह्याचं काम नव्हे. एका पोटाच्या बोटीला उभं राहायला तळाशी जड लोखंड लागतं, ती खोल पाण्याशिवाय चालत नाही, म्हणून ती बाद. दोन पोटांची, म्हणजे दोन होड्या शेजारी जोडलेली कॅटामरान, गुडघाभर पाण्यात तरंगते, कलत नाही, आणि सुटी करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नेता येते. मग कॅटामरानमध्येही कोणती? एका आराखड्यात मधोमध काचेची एवढी मोठी खोली होती, की हेमराजभाऊ म्हणाले, हे तर मंगल कार्यालय आहे, याला वारा ढकलेल का वऱ्हाडी? शेवटी त्यांनी परदेशातल्या कुणा म्हाताऱ्या खलाशाचा आराखडा मागवला. त्यातली दोन्ही पोटं पुढून-मागून सारखीच टोकदार होती. फोनवर मला म्हणाले, "इवाई, हा तं आपला डोंगाच हाय." इवाई म्हणजे व्याही. मी प्रत्येक फोनला एकच सल्ला दिला, की मागचं-पुढचं बघून ठरवा. तो कुठल्याही जहाजाला लागू पडतो.

यंदा दिवाळी झाल्यावर फोन आला की बोट तयार आहे, या. त्यात एक मेख होती. धान कापणीला आलं होतं, हलरची शेड धानासाठी रिकामी हवी होती, आणि प्रमिलाताईंनी बजावलं होतं, की धान घरात यायच्या आत बोट पाण्यात गेली नाही तर तिची दारं काढून त्या गोठ्याला लावतील. मी म्हणालो, काळजी करू नका, मी येतो आणि येताना नांगर घेऊन येतो. मग हेमराजभाऊंनी विचारलं, "नांगर कायले? आपल्या घरी दोन हायेत."

गोंदिया

आमच्याकडे नांगर म्हणजे होडी धरून ठेवतो तो. माझा चार लोखंडी आकड्यांचा होता, आजोबांच्या वेळचा, वजनाला एका धडधाकट मेव्हण्याएवढा. गाडीत तो मी बाकाखाली ठेवला आणि डबा त्या बाजूला किंचित कलूनच नागपूरपर्यंत आला. तिकीट तपासनिसाने विचारलं, हे काय? मी म्हणालो, नांगर. शेती कुठे? म्हटलं, समुद्रात. त्याने माझं तिकीट दोनदा पाहिलं आणि पुढच्या डब्यात गेला तो परत आलाच नाही.

गोंदिया स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की मराठी जरा मागच्या बाकावर जाऊन बसते आणि हिंदी गाडी चालवते. रिक्षावाल्याने नांगर पाहिला, हात जोडले, आणि अदबीने विचारलं, "कौन से मंदिर में चढ़ाना है, अंकल?" त्याला तो त्रिशूळ वाटला. मी नाही म्हणालो असतो, पण त्याने तो स्वतः उचलून आत ठेवला, सीटवर माझ्या आधी. देवाच्या वस्तूचं भाडं घेणार नाही म्हणाला. मी म्हणालो, देवाचं नको घेऊस, माझं घे. तेवढं मात्र त्याने घेतलं, आणि देवाचं धरूनच घेतलं असावं.

बसस्थानकाजवळ पोह्यांवर हरभऱ्याची तर्री, म्हणजे तिखटजाळ रस्सा, ओतून देतात. आम्ही कोकणातली माणसं पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरवतो आणि त्यालाच मजा म्हणतो. इथे पोह्यांना पोहायला शिकवतात. दोन प्लेटींनंतर माझे कान इतके स्वच्छ झाले की नागपुरात वाजलेली गाडीची शिट्टी मला गोंदियात ऐकू आली.

हेमराजभाऊ मोटारसायकल घेऊन हजर झाले. उंच, सडपातळ, मिशा पिकलेल्या, आणि दोन्ही हातांच्या बोटांवर वाळलेल्या डिंकासारखे पिवळे डाग. त्यांनी आधी नांगराला नमस्कार केला, मग मला. मी मागे बसलो, नांगर आमच्या मध्ये बसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिकून वाकलेलं. आमच्याकडे भातशेती म्हणजे डोंगराच्या पायऱ्यांवर पुसलेला हिरवा हात. इथे ती क्षितिजापर्यंत जाते आणि तिथे थांबून पुढची परवानगी मागते. गोरेगावच्या अलीकडे एका बांधीत, म्हणजे बांधाने वेढलेल्या धानाच्या तुकड्यात, सारस पक्ष्यांची जोडी उभी होती. माणसाएवढे उंच, लाल मानेचे. हेमराजभाऊंनी गाडी हळू केली आणि सांगितलं, की हे पक्षी जोडी सोडून कुठे जात नाहीत. सारसांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते नांगराकडे.

हलरची शेड

जेवल्याशिवाय बोट दाखवायची नाही असा प्रमिलाताईंचा हुकूम होता. कोचईच्या, म्हणजे आपल्या अळूच्या, पानांच्या वड्या, लाखोळीच्या डाळीचे वडे, तलावातल्या मरळ माशाचा लाल रस्सा, आणि भात. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी वाढू का' असं विचारतात. तिथे विचारत नाहीत. मी ताटावर आडवा हात धरला, तर भात हातावर वाढला. मी समुद्राकाठचा असूनही त्या रश्शापुढे आमच्या पापलेटाने मान खाली घालावी असं मला वाटलं. घरी हे मी अजून बोललेलो नाही.

मग शेड उघडली. मी आजवर पुष्कळ बोटी बघितल्या आहेत, त्यातल्या काहींत तर बसलोदेखील आहे, पण ते पाहून माझं तोंड जे उघडलं ते मिटायला प्रमिलाताईंना सुपारी द्यावी लागली. शेडमध्ये एक लांब, निमुळतं, पांढरंशुभ्र पोट उभं होतं. दुसरं भिंतीपलीकडे अंगणात ताडपत्रीखाली, कारण दोन्ही एका जागी मावत नव्हती. हात फिरवला तर जोड लागत नाही. प्लायवूडचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवलेले, सांध्यांवर काचेचं कापड, त्यावर इपॉक्सी. इपॉक्सीला गावात 'विलायती लाख' म्हणतात. पळसावरची लाख ठाऊक असलेल्या गावाने दुसरं काय म्हणायचं? मे महिन्यात तिच्यात घट्ट करायचं औषध मिसळलं की ब्रश बाहेर काढेपर्यंत दगड. एक ब्रश अजून तसाच डब्यात उभा आहे, हेमराजभाऊ त्यावर टोपी अडकवतात. पुढे ते फक्त थंडीच्या सकाळी काम करायला शिकले. भेगा बुजवायला हलरच्या तुसाची राख चाळून लाखेत कालवली. म्हणजे या जहाजाच्या अंगात गोरेगावचं धान आहे, आणि मी सांगतो, कडेला उभं राहून वास घेतला तर भाताच्या पेजेचा वास येतो.

आत एकात दोघांची निजायची जागा, खाली धान्याचे डबे. दुसऱ्यात शेगडी, मोरी, मडकं अडकवायला कडी. प्रत्येकाला बाजूला एक छोटं सागाचं दार, त्यावर कोरलेली कमळं. दारं प्रमिलाताईंच्या सांगण्यावरून केलेली. बोटीबद्दल त्यांनी एवढ्या काळात एकच गोष्ट सांगितली होती: घर म्हणा, डोंगा म्हणा, दार दक्षिणेला नको, पूर्वेला पाहिजे. हेमराजभाऊंनी शब्द पाळला. शेडमध्ये दार पूर्वेला. अंगणात दार पूर्वेला. मी दोन्ही दारं उघडली, मिटली, कमळांची तारीफ केली. समुद्राच्या माणसाने तारीफ केली म्हणून हेमराजभाऊ रात्रभर झोपले नाहीत असं ऐकलं. मला एवढंही सुचलं नाही, की ही दोन शेजारी शेजारी येणार आहेत.

तलावाची पाळ

दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्यांवर दोन पोटं निघाली. गावातलं कुणी घरी राहिलं नाही. गावामागचा तलाव मोठा आहे, जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळचा, काठाला कमळं, पलीकडे जंगल. मासेमारी करणारे दशरथकाका तिथे वाट बघत होते. तोंडात बिडी, कमरेला जाळं. त्यांनी सगळं नीट फिरून पाहिलं आणि निकाल दिला, की डोंगा बरा आहे, जरा जास्त शिकलेला आहे.

पोटं कलत्या काठावर शेजारी ठेवली. मधे आडवे वासे टाकले, दोरखंडाने आवळले, बैलगाडीचं जू आवळतात तसे, आणि वर फळ्या टाकल्या. बोट उभी राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमिलाताई आरतीचं ताट घेऊन आल्या. गावात तोवर एका पोटाला नवरा आणि दुसऱ्याला नवरी म्हणायला लागले होते. प्रमिलाताईंनी मधल्या फळ्यांवरून जाऊन नवऱ्याच्या दाराला कुंकू लावलं. मग वळून नवरीकडे गेल्या. तिथे सपाट भिंत. त्या थोडा वेळ भिंतीपुढे ताट घेऊन उभ्या राहिल्या. मग पलीकडे वाकून पाहिलं. दार बाहेरच्या बाजूला होतं, कमळं आणि सगळं, थेट पाण्यावर उघडणारं.

"का जी," त्या म्हणाल्या, "भात शिजवाले मी रोज पोहत जाऊ का?"

कोणी हसलं नाही, तेच वाईट झालं. सगळ्यांनी आधी या दाराकडे, मग त्या दाराकडे पाहिलं. दोन्ही पूर्वेला. दोन डाव्या चपला. हेमराजभाऊंचा चेहरा मे महिन्यातल्या लाखेसारखा झाला. पोटं आपापसांत बदलून पाहू असं मीच म्हणालो आणि पुन्हा बांधाबांध झाली. आता नवरीचं दार आत आलं आणि नवऱ्याचं पाण्यावर गेलं. डाव्या चपलांची जागा बदलून उजवी होत नाही, हे मला समुद्राकाठी राहूनही तेव्हा कळलं. दार बुजवून दुसरीकडे कापायचं तर नवं लाकूड नागपूरहून येणार, लाख वाळणार, आणि तिकडे कापणीवाले उद्याचेच ठरलेले.

प्रमिलाताईंनी ताट खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की मी आलेच होते बसायला.

कोहमारा

संध्याकाळी हेमराजभाऊ मला कोहमाऱ्याला घेऊन गेले. सांगायला दोरखंड आणायचा होता. खरं म्हणजे त्यांना घरी बसवत नव्हतं. हमरस्त्यावरच्या धाब्यावर ट्रकांची गर्दी, आणि आम्ही बाजेवर समोरासमोर. त्यांच्यापुढची दाल निवून तिच्यावर साय धरली. मला माणूस असा बसलेला बघवत नाही. म्हणून मी आमच्या फेरीबोटीच्या गोष्टी सुरू केल्या. खाडी ओलांडणारी, गाड्या वाहणारी. त्यातल्या मगरीच्या गोष्टीवर ते हसले नाहीत. एक म्हैस चुकून फेरीबोटीत चढून पलीकडे गेली आणि तिने तिकडेच संसार केला, त्यावरही नाही. मग मी सांगितलं, की ती फेरीबोट कधी वळतच नाही. जाताना जे तोंड, ते येताना शेपूट. दोन्हीकडून सारखी. ती चालवणारा सारंग एवढा आळशी, की त्याने आयुष्यात एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही. बायको हाक मारते तेव्हासुद्धा तो उलटा चालत घरी जातो.

हेमराजभाऊंनी घास खाली ठेवला. "दोन्हीकडून सारकी?"

म्हटलं, हो.

"इवाई, आपल्या डोंग्याले तोंड कोनतं हाय?"

मी सल्लागाराच्या तोऱ्यात पुढे वाकलो आणि म्हणालो, मागचं-पुढचं बघून ठरवा. त्यांनी बाजेवर दोन हिरव्या मिरच्या शेजारी शेजारी मांडल्या, दोघींच्या उजव्या अंगाला नखाने खूण केली, आणि एक मिरची गरकन फिरवली. शेंडा देठाकडे, देठ शेंड्याकडे. दोन्ही खुणा समोरासमोर आल्या. मग त्यांनी ती मिरची खाऊन टाकली, निवलेली दाल प्यायली, आणि आणखी सहा रोट्या मागवल्या. मी मोजल्या नाहीत, पण वेटरने भटारखान्यात जाऊन कुणाला तरी बोलावून आणलं आणि आमची बाज लांबून दाखवली.

टोकदार शेपटाचा आराखडा त्यांनी निव्वळ डोंग्याच्या मायेपोटी निवडला होता. चपट्या मागच्या बाजूची बोट घेतली असती तर हे कधीच जमलं नसतं. येताना गाडीवर ते एकटेच हसत होते; मी मागे बसून ती बुद्धी आपल्याच गोष्टीतून निघाली, हे घरी कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

पाण्यात

सकाळी दशरथकाका आणि गावाने मिळून नवरीला गोल फिरवलं. एका टोकाला सुकाणूच्या बिजागऱ्या होत्या, त्या काढून दुसऱ्या टोकाला बसवल्या, जुनी भोकं लाखेने बुजवली. प्रमिलाताई आल्या, एका दारातून बाहेर पडून दोन पावलांवर दुसऱ्या दारात शिरल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. त्यांच्या लक्षात आलं होतं, की आता एक दार पूर्वेला आहे आणि एक पश्चिमेला. पण दक्षिणेला कोणतंच नाही. त्यांनी ते मनात तपासलं आणि मान हलवली.

सामान चढवताना मी माझा नांगर नवऱ्याच्या पोटात ठेवला आणि जमलेल्यांना समजावलं, की जहाजाला नांगर लागतोच. थोड्या वेळाने बघतो तर प्रमिलाताई आणि दोन बाया शेतीचा लोखंडी नांगर नवरीच्या पोटात चढवत होत्या, हळदीकुंकू लावून. मी हसून हसून दोरखंडावर बसलो. त्यांना सांगितलं, की हा नांगर वेगळा, तो वेगळा. त्या म्हणाल्या, "राहू द्या, इवाई. एका बाजूले तुमचा, एका बाजूले आमचा. वजन बरोबर राहील." मी हसणं चालू ठेवलं.

कापणीवाले बांधीत उतरले तेव्हाच आमची बोट पाण्यात उतरली. शेड रिकामी झाली होती. प्रमिलाताई काठावर उभ्या. हेमराजभाऊ बोटीवरून हात पुढे करून उभे. त्यांनी बोलावलं नाही, नुसता हात धरून ठेवला. त्या एक पाय फळीवर ठेवून थांबल्या, बोट कलते का पाहिलं. कलली नाही. दुसरा पाय ठेवला. नाही कलली. मग त्यांनी मुद्दाम एक उडी मारली, पन्नाशी उलटलेल्या बाईने साडीत मारावी तेवढी. बोटीने नुसता हुंकार दिला. त्या हात न धरताच आत गेल्या आणि शेगडीवर चहा ठेवला.

धान झाकायच्या ताडपत्रीचं शिवलेलं निळं शीड. नीलगिरीच्या सरळसोट वाशाची डोलकाठी. वाऱ्याने शीड भरलं आणि मी खोटं बोलत नाही, पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, पोरं पळत होती तरी मागे पडली. काठालगत गुडघाभर पाण्यावरून, कमळांच्या पानांना वळसे घालत गेलो, कुठे तळाला लागलो नाही. दोन पोटांमधून पाणी सळसळत होतं. हेमराजभाऊ सुकाणूवर बसले होते, ते एका दिवसात पाच वर्षांनी लहान झाले. आणखी तलाव असता तर त्यांना शाळेत घालावं लागलं असतं. मला खरंच हेवा वाटला. एवढी वर्षं मी समुद्राकाठी नुसता बसून आहे, आणि या माणसाने धानाच्या गावात स्वतःच्या हाताने वारा पकडला.

दुपार कलली तसा वारा वाढला. आम्ही शीड उतरवून मधल्या पाण्यात थांबायचं ठरवलं. ही माझी घटका. मी नवऱ्याच्या टोकाला उभा राहिलो, आजोबांचा नांगर डोक्यावर गरगर फिरवला आणि असा फेकला की दोरी सळसळत, नागमोडी, एकामागून एक वेटोळं उलगडत गेली. हेमराजभाऊ कौतुकाने पाहत राहिले. मीही पाहत राहिलो. दोरीचं शेवटचं टोकही आमच्या समोरून कौतुकानेच गेलं. त्यांना वाटलं होतं मी बांधली, मला वाटलं होतं त्यांनी.

बोट सांडव्याकडे वाहू लागली. तलाव ओसंडतो तिथे दगडांचा बांध आहे, आणि ते दगड प्लायवूडला ओळख देत नाहीत. पाणी खोल, बांबू तळाला पोचेना. शीड पुन्हा चढवायला गेलो तर दोर अडकला. मी दर्यासागराला हाका मारल्या. त्याचा हा तालुका नसावा. हेमराजभाऊंनी बायकोकडे पाहिलं. बोटीचं सोडा, त्यांना एवढंच दिसत होतं, की आज चढलेली ही बाई आता पुन्हा कधी चढायची नाही.

प्रमिलाताई नवरीच्या पोटातून दोरखंड घेऊन बाहेर आल्या. एक टोक त्यांनी आडव्या वाशाला बांधलं, गाय बांधायची गाठ मारून, आणि ती ओढून पाहिली. दुसरं टोक खाली नांगराला आधीच बांधलेलं होतं.

"धरा जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. दोघांनी मिळून लोखंडी नांगर दारातून ओढला आणि फळ्यांच्या कडेवरून सोडला. दोरखंड ताणला. नांगराचा फाळ तळाच्या चिखलात शिरला आणि त्याने तेच केलं जे तो जन्मभर करत आला होता. थोडं तास ओढलं, आणि मग घट्ट रुतला. दगड हाकेच्या अंतरावर असताना बोट थबकली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. निदान एकाचं तोंड आणि एकीचं शेपूट.

प्रमिलाताई आत गेल्या, निवलेला चहा पुन्हा तापवून घेऊन आल्या. मला देताना म्हणाल्या, "इवाई, पुढच्या वेळी खोबरं आना. नांगर घरचे हायेत."

दिवस मावळला. पलीकडच्या पाळीवरून दशरथकाकांची हाक आली, की त्यांचा डोंगा घेऊन येऊ का. हेमराजभाऊंनी नको असा हात केला. वारा मंद झाला आणि नांगराला धरून बोट सावकाश फिरू लागली. नवरीच्या पोटातून भात शिजल्याचा वास येत होता आणि प्रमिलाताई तिच्या दारात पाय सोडून बसल्या होत्या. कापलेल्या बांधीकडून दार जंगलाकडे आलं, जंगलाकडून सरकत गेलं, आणि मग चांगलं रोखून दक्षिणेला थांबलं. हेमराजभाऊंच्या ते लक्षात आलं. ते लगबगीने उठले, बांबू घेतला, बोट ढकलून वळवता येते का पाहू लागले.

प्रमिलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फळ्यांपलीकडच्या काळ्या होत जाणाऱ्या पाण्याकडे.

"बसा जी," त्या म्हणाल्या. "फिरू द्या."